आधी माग की आधी पाटी?

संकटाच्या वेळी सर्व दारे एकदम उघडता येत नसतील, तर प्रथम कोणते दार उघडावे, हा प्रश्न वरवर पाहता सरकारी कचेरीतला दिसतो. परंतु मुळात तो धर्माचा प्रश्न आहे. जे दार आपण आधी उघडतो त्यावरून आपल्या मनात कोणाची किंमत किती, हे उघड होते. सन २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत करोनाच्या साथीमुळे हा प्रश्न आपल्या देशापुढे उभा राहिला होता. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, आणि लोक ते दिवस विसरू पाहत आहेत. तथापि त्या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, आणि त्या दिवसांत जे ऋण झाले तेही पुरते फिटलेले नाही. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघू नये, असे आपले वडील सांगत आले आहेत. म्हणून शांत काळातच ह्या गोष्टीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

विचार मोघम होऊ नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. ठाणे जिल्ह्यात भिवंडी शहरात नारपोली हा भाग आहे. पूर्वीचे हे गाव. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत सामावून गेले आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथे मागांची मोजदाद लाखांनी होते. जोडीला सायझिंगचे कारखाने आहेत, आणि शहराबाहेर मालाची मोठमोठी गोदामे आहेत. मागावर काम करणारा मनुष्य बहुधा उत्तर प्रदेश, बिहार अथवा तेलंगण येथून आलेला असतो. आमच्या महाराष्ट्रातील खेड्यांतूनही पुष्कळ लोक तेथे पोटासाठी गेलेले आहेत. त्याला बहुधा महिन्याचा बांधलेला पगार नसतो. जितके कापड विणले जाईल तितक्या मीटरांचे दाम त्याच्या हाती पडते. माग थांबला की मजुरी थांबली, आणि मजुरी थांबली की खानावळीतले ताट थांबले.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी झाली. शहरांतील शाळा त्याच्या आठवडाभर आधीच बंद झाल्या होत्या. म्हणजे नारपोलीत प्रथम पाटी थांबली आणि मग माग थांबला. ज्या खोल्यांत कामगार पाळीपाळीने झोपत, कारण अर्धे कामावर असत, त्या खोल्यांत आता सर्वांनी दिवसरात्र एकत्र राहावयाचे होते. पुष्कळ जण मुलाबाळांसह नाशिकच्या रस्त्याने पायी निघाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे मजुरांची विशेष गाडी सुटली. पुढे जून महिन्यात राज्यात टप्प्याटप्प्याने व्यवहार मोकळे होऊ लागले, तेव्हा भिवंडीत रोग वाढल्यामुळे तेथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली. अशा त्या दिवसांत हा वाद सुरू झाला : कारखाने आधी उघडावे, की शाळा?

जे म्हणाले की माग आधी सुरू करा, त्यांस लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. भूक उद्यापर्यंत थांबत नाही. ज्याच्या घरी दाणा नाही त्याला रोगाचे भय सांगणे हे पोट भरलेल्याचे काम आहे. शिवाय बापाच्या मजुरीवरच मुलाची वही आणि चप्पल अवलंबून असते. बाप बेकार असताना शाळा उघडली तरी मूल तेथे उपाशीपोटी बसणार. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यापुढे आम्ही मान लववितो. आपल्या प्रभूने शिष्यांस प्रार्थना शिकविली तेव्हा रोजच्या भाकरीची मागणी तिच्यात घातली. भाकर ही हलकी वस्तू आहे, असे ख्रिस्ती मनुष्याने कधी म्हणू नये.

आता दुसरी बाजू ऐकू. शाळा म्हणजे केवळ अक्षरे गिरवण्याची जागा नव्हे. मजुराच्या मुलास दुपारचे शिजलेले अन्न तेथे मिळते. शाळा बंद झाल्यावर पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी कोरडा शिधा वाटण्यात आला, आणि तो घरातील सर्व तोंडांत वाटला गेला. शाळेच्या भिंतीआड मूल दिवसाचे काही तास तरी कामापासून आणि वाईट संगतीपासून सुरक्षित असते. मुलीच्या बाबतीत तर शाळा हे तिच्या लग्नाची घाई थोपवून धरणारे कुंपण आहे. पटावर नाव असलेली मुलगी आणि घरी बसलेली मुलगी ह्यांच्याकडे शेजारपाजार निरनिराळ्या नजरेने पाहतो, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हटले, आणि त्या दिशेने प्रयत्नही झाले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांसाठी दाखविण्यात आली. मोबाईलवर धडे येऊ लागले. पण ज्या घरात मोबाईल एकच, आणि तो घेऊन बाप कामावर जातो, त्या घरातील मुलाने धडा कोठे पाहावा? ज्याला अजून अक्षरओळखच नाही त्या सहा वर्षांच्या बालकास काचेच्या तुकड्यातून वाचावयास कोण शिकविणार? बोट धरून गिरवून घेणारा हात त्या यंत्राला नाही.

आता काय घडले ते तारखांवरून पाहू. कारण तारखा कोणाची भीड धरीत नाहीत. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या पुष्कळ भागांत दारूची दुकाने उघडली व त्यांपुढे रांगा लागल्या. जून महिन्यापासून बाजार व कारखाने हळूहळू सुरू झाले. ५ ऑगस्ट रोजी मॉल म्हणतात ती भव्य विक्रीगृहे उघडण्यास परवानगी मिळाली. ५ ऑक्टोबर रोजी उपाहारगृहे व मद्यगृहे अर्ध्या बैठकीने उघडली. १६ नोव्हेंबर रोजी प्रार्थनास्थळे उघडली. त्यानंतर २३ नोव्हेंबर रोजी नववी ते बारावीचे वर्ग भरविण्याची मुभा मिळाली, आणि तीही स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून; ते भरतात न भरतात तोच दुसरी लाट आली. शहरांतील पहिली ते सातवीच्या आणि खेड्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांस शाळेत येण्याची परवानगी १ डिसेंबर २०२१ रोजी मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. म्हणजे दारूच्या दुकानाचे दार दीड-दोन महिन्यांत उघडले, आणि सर्वांत लहान मुलांच्या वर्गाचे दार उघडण्यास वीस महिन्यांहून अधिक काळ लागला.

आमचे म्हणणे असे आहे की ‘माग की पाटी’ हा वाद ज्या रीतीने मांडण्यात आला ती रीतच चुकीची होती. जणू काही तराजूच्या एका पारड्यात भुकेला मजूर आणि दुसऱ्या पारड्यात त्याचेच मूल! परंतु वरील तारखा पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की मुलाची पाळी भाकरीमुळे मागे गेली नाही. भाकरीचे दार उघडल्यावर पुढचे दार कोणाचे, ह्या प्रश्नावर ती मागे गेली. मागानंतर शाळेचा क्रम यावा, तेथे मद्यगृह येऊन बसले. मजुराच्या भुकेचे नाव पुढे करून चैनीने आपली जागा धरली.

असे का झाले? एका मनुष्याने मुद्दाम दुष्टपणा केला म्हणून नव्हे. त्याचे कारण असे की दुकानदाराचा संघ असतो, उपाहारगृहवाल्यांचा संघ असतो, दारूवर सरकारला मोठे उत्पन्न मिळते, आणि प्रत्येक धर्माचे लोक आपापल्या मंदिरासाठी आवाज उठवतात. सहा वर्षांच्या मुलांचा संघ नसतो. भूक रडते, म्हणून ती ऐकू येते. अज्ञान मात्र आवाज न करता वाढते. माग बंद राहिला तर तोटा त्याच महिन्यात वहीत दिसतो. वर्ग बंद राहिला तर तोटा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, आणि तेव्हा लोक त्या तरुणालाच दोष देतात की हा मंदबुद्धी निघाला.

शास्त्रातील एसावाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. रानातून थकून भागून आलेल्या त्या मनुष्याने एका वेळच्या वरणासाठी आपले ज्येष्ठपण विकून टाकले. त्याला आपण मूर्ख म्हणतो. तथापि त्याने विकले ते स्वतःचे होते, आणि खाल्लेही त्यानेच. साथीच्या दिवसांत मात्र मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी लहानांचा वारसा गहाण टाकला. ज्यांचा वारसा होता त्यांस कोणी विचारले नाही, आणि त्या वरणाचा घासही पुष्कळांच्या वाट्यास आला नाही.

ह्यावर दोन आक्षेप घेण्यात येतात, आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा की मुले रोग घरी आणतील आणि आजीआजोबांचा जीव धोक्यात घालतील. पहिल्या महिन्यांत कोणालाही पुरते ज्ञान नव्हते. त्या वेळी शाळा बंद करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. नारपोलीसारख्या ठिकाणी, जेथे एका खोलीत तीन पिढ्या राहतात, तेथे ही भीती खरी होती. परंतु त्याच खोलीत बापही मागावरून व बाजारातून घरी येत होता. रोग त्याच्याबरोबरही येऊ शकत होता, आणि तो धोका आपण भाकरीसाठी पत्करला. धोका मुळीच पत्करावयाचा नाही, असा नियम असता तर तो सर्वांस लागू झाला असता. थोडा धोका पत्करावयाचा असे ठरल्यावर तो कशासाठी पत्करावा, हाच काय तो प्रश्न उरतो. डेन्मार्क नावाच्या लहानशा ख्रिस्ती परंपरेच्या देशाने १५ एप्रिल २०२० रोजीच लहान मुलांच्या शाळा उघडल्या, आणि उपाहारगृहे त्यानंतर महिनाभराने, १८ मे रोजी. तेथील लोकही मरणास भीतच होते. त्यांनी आपल्या वाट्याचा धोका आधी बालकांसाठी खर्च केला, एवढाच भेद.

दुसरा आक्षेप असा की डेन्मार्कातील शाळा ऐसपैस, आणि आमच्या शाळेत एका बाकावर तीन मुले. आमच्याने ते कसे व्हावे? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु शाळा म्हणजे इमारतच, असे कोणी सांगितले? पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत त्या वर्षी सेवाभावी लोकांनी ध्वनिक्षेपक नेऊन, मुलांना झाडाखाली दूरदूर बसवून धडे ऐकविले. कित्येक शिक्षक ओट्यांवर व अंगणांत चारचार मुलांस गोळा करून शिकवीत होते. सर्वत्र असे झाले नाही, कारण पुष्कळ शिक्षकांस घरोघर रोग्यांची पाहणी करण्याच्या कामावर लावले होते. शिक्षकाने रोग्याची सेवा करावी ह्यात कमीपणा नाही. सावित्रीबाई फुले ह्यांनी प्लेगाच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करीत १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हे महाराष्ट्र विसरणार नाही. पण सर्व शिक्षकांस वर्गापासून दूर नेऊन, मग शाळा चालविण्यास माणसे नाहीत असे म्हणणे, हे बरोबर नव्हे.

प्लेग व दुष्काळ ह्यांच्या त्याच काळात आपल्या मंडळीच्या इतिहासात जे घडले त्याचे स्मरण येथे करणे योग्य होईल. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई ह्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा ह्यांस वाचवून आणिले. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते. तेथे त्यांस ठेवणे अवघड झाले. तेव्हा बाईंनी त्यांस केडगाव येथील आपल्या शेतावर नेले. प्रथम तेथे धड छप्परही नव्हते. आधी ह्यांस खाऊ घालू, शिक्षणाचे पुढे पाहू, असे म्हणावयास त्यांस भरपूर सबब होती. परंतु त्या मुलींच्या हाती भाकर आली, आणि पाटीही आली. पुढे विणकाम आले व छापखानाही आला. तसेच विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनाचे चर्चिल साहेब ह्यांनी सुधारलेला हातमाग बनविला. मिशनाच्या उद्योगशाळांतून दुष्काळाने पोरकी झालेली मुले हातांनी धंदा शिकत आणि डोक्याने पुस्तकही शिकत. माग आणि पाटी एकाच आवारात नांदत होती. आपल्या मिशनाने त्यांस कधी वैरी मानिले नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात लिहिले आहे की रानात जमलेला तो मोठा लोकसमुदाय पाहून प्रभूला कळवळा आला, आणि त्याने प्रथम त्यांस शिकविले. संध्याकाळ झाली तेव्हा शिष्य म्हणाले की लोकांस पाठवून द्यावे, म्हणजे ते आपापली सोय पाहतील. प्रभूने त्यांस पाठवून दिले नाही; तेथेच बसवून जेवू घातले. एकाच दिवशी, एकाच गवतावर, शिक्षण आणि भाकर. २०२० साली आपण मजुरास पाठवून दिले आणि त्याच्या मुलासही पाठवून दिले. शिष्यांची ती सूचना आपल्या काळी अमलात आली.

तेव्हा आमच्या मते खरा क्रम हा : प्रथम भाकर, मग बालक, आणि त्यानंतर बाकीचे सर्व. ‘बाकीचे’ ह्यांत आम्ही चैन तर घालतोच, पण आमची स्वतःची उपासना मंदिरेही घालतो. हे वाचून काही बंधूंस वाईट वाटेल. परंतु आपली उपासना घरात, शेतात, दोघे-तिघे मिळूनही होऊ शकते. प्रभूचे वचन त्यास साक्ष आहे. पहिलीतले मूल मात्र एकट्याने वाचावयास शिकू शकत नाही. शिष्यांमध्ये थोर कोण हा वाद चालला असता प्रभूने एका बालकास घेऊन मध्ये उभे केले होते. जेथे पहिल्या पाळीसाठी सर्व धडपडत आहेत तेथे बालकास मध्ये आणून उभे करणे हेच ख्रिस्ती मंडळीचे काम आहे. त्या दिवसांत भिवंडीतील शांतीनगरच्या मक्का मशिदीत रोग्यांसाठी प्राणवायूची मोफत सोय करण्यात आली होती. प्रार्थनेचे घर लोकांच्या श्वासासाठी खुले होऊ शकते, तर लेकरांच्या वाचनासाठी का होऊ नये?

आणि आता ऋणाची गोष्ट. भारतातील ग्रामीण मुलांची जी ‘असर’ नावाची पाहणी होते तीत असे आढळले की २०१८ साली तिसरीतील शंभरांपैकी सुमारे २७ मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत होती. २०२२ साली ही संख्या सुमारे २० वर आली. आधीच थोडी होती, ती आणखी घटली. जे मूल २०२० साली पहिलीत बसावयाचे होते ते आता वरच्या वर्गात आहे. वर्ग पुढे गेला. पण पहिल्या दोन वर्षांचा पाया तसाच राहिला असेल तर ते मूल मागच्या बाकावर मुकाट बसून आहे, आणि एके दिवशी ते शाळा सोडून मागावर अथवा गोदामात जाईल. मग कोणी म्हणेल, त्याला शिकावयाचेच नव्हते.

अलीशाच्या काळी संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण मरण पावला, आणि सावकार त्याच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. देवाचे काम करणाऱ्याच्या घरीही मुले कर्जापायी जातात, हे आमच्या उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. अलीशाने त्या विधवेस विचारले की घरात काय आहे? एक तेलाचे भांडे होते. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणली, आणि तेवढ्या तेलातून कर्ज फिटले व मुले घरी राहिली. आपणांसही हाच प्रश्न आहे : घरात काय आहे?

आपल्या खेड्यातील मंडळीत एक खोली आहे, एक दिवा आहे, आणि वाचता येणारी दोन-चार माणसे आहेत. उपदेशकाने आपल्या मंडळीतील व शेजारच्या सर्व घरांतील, मग ती कोणत्याही धर्माची असोत, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची यादी करावी. प्रत्येकास एकट्यास जवळ बसवून, चारचौघांत लाज न आणता, एक पान वाचून घ्यावे. ज्यास अडते त्याच्यासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी उपासना मंदिराचे दार उघडे ठेवावे. जो मुलगा चौदा वर्षांच्या आत कामावर गेला असेल त्याच्या बापाकडे पाळकाने स्वतः जावे. रागे भरण्यास नव्हे, तर त्या घरची अडचण काय ती समजून घेऊन मंडळीच्या दानातून ती दूर करण्यास. प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती असते, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद आईबाप असतात. त्या समितीत आपली माणसे बसू द्यावीत, आणि पुढे कधी पुन्हा असे संकट आले तर गावात कोणते दार कोणत्या क्रमाने उघडावयाचे, हे आजच तेथे बोलून ठेवावे.

साथी येतात. १८९६ साली प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएंझा आला, २०२० साली करोना आला. पुढची केव्हा येईल ते प्रभू जाणतो. ती येईल तेव्हा मजुराच्या पोटासाठी आपण प्रथम धावू, आणि लगेच त्याच्या लेकराचा हात धरून त्यास शाळेच्या दाराशी नेऊ; बाकीच्या रांगेने आपल्या पाळीची वाट पाहावी. प्रभू आपल्या मंडळ्यांस असे करण्याची बुद्धी व बळ देवो, अशी आमची प्रार्थना आहे.